चारच्या रेघेवर पाणी

मित्रांनो, आधी एक खुलासा करते. माझं नाव पाणीपट्टी नाही. पाणीपट्टी दरवर्षी घरी येते आणि वडीलधारी माणसं तिच्याकडे बघून कपाळाला हात लावतात. मी कुणाच्या घरी जात नाही. नदीच्या धक्क्यावर, पाण्यात पाय सोडून उभी असलेली मी एक जुनी लाकडी मोजपट्टी. नदीला पाणी किती आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. उभ्या आयुष्यात मी दुसरं काही केलं नाही. आणि तरीही मी सांगितलं ते खरं होतं की खोटं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. सगळं सांगते, तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. मोडीत निघालेल्या होडीची एक जाड, लांब फळी त्याने रंध्याने तासून गुळगुळीत केली. दोन पुरुष उंच होते मी. मग दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर आला. त्याने मला पांढरा रंग दिला आणि त्यावर काळ्या रंगात एक ते अकरा आकडे काढले. एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत एक फूट, आणि त्या फुटाच्या चार भागांना बारीक रेघा. चाराचं पोट त्याने इतकं गोल काढलं की धक्क्यावरच्या बायका म्हणायच्या, हा चार नुकताच जेवून उठलाय.

धक्क्याच्या टोकाला सिमेंटचा एक खांब होता. त्याला मला बोल्टने पक्कं बसवलं. त्या दिवशी मला वाटलं, झालं, आता मी शहाणी झाले. पण पहिलं वर्षभर माझ्या अंगावर नुसते आकडे होते, त्यांना अर्थ नव्हता. पाच म्हणजे चांगलं की वाईट, हे मलाही माहीत नव्हतं आणि बघणाऱ्यालाही. तो अर्थ मला मामांनी दिला.

मामा म्हणजे धक्क्यावरचे सगळ्यात जुने होडीवाले. सगळेच त्यांना मामा म्हणत आणि त्यांच्या बायकोला मामी. धक्क्यापासून शंभरेक पावलांवर नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याखाली एक सलग खडक आहे. त्याला सगळे उंबरा म्हणतात. चांगला मासा उंबऱ्याच्या पलीकडच्या डोहात. म्हणजे पोट भरायचं तर उंबरा ओलांडायचा, आणि उंबरा ओलांडायचा तर त्याच्यावर पाणी पुरेसं हवं. मामा रोज सकाळी माझ्याकडे बघत, मग होडी घेऊन उंबऱ्यावर जात आणि बांबू बुडवून खोली बघत. पाऊसकाळ, हिवाळा, उन्हाळा, एक दिवस चुकवला नाही. वर्ष सरलं तेव्हा त्यांनी पेंटरला पुन्हा बोलावलं. नवावर एक लाल रेघ ओढायला लावली. पाणी या रेघेला टेकलं की प्रवाहाची ओढ इतकी की होडी आवरायची नाही, घरी बसायचं. आणि चारावर एक निळी रेघ. पाणी हिच्या खाली उतरलं की उंबऱ्यावर दोन फूटही उरत नाही, पलीकडे जायचं नाही.

पाणी जास्त झालं तरी भीती आणि कमी झालं तरी भीती! माझा तेव्हाही थोडा गोंधळ उडाला होता. मला वाटायचं, माणसांना नेमकं हवंय काय?

मामा लवकर गेले. आजारपणाने गेले, नदीने नाही. त्यानंतर माझं सगळं मामीच बघू लागल्या. रोज सकाळी त्या पायऱ्या उतरून यायच्या, काथ्याच्या ब्रशने माझ्या अंगावरचं शेवाळ घासायच्या, आकडा वाचायच्या आणि वर मासळीच्या शेडबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायच्या. आकडा वाचून त्या कधीच लगेच वळायच्या नाहीत. पाण्याच्या वर माझं अंग चार बोटं ओलं दिसलं तर म्हणायच्या, उतरतंय. पाण्याला टेकूनच कोरडं असलं तर म्हणायच्या, चढतंय. मग उंबऱ्याकडे बघायच्या. मग वाहत येणाऱ्या काटक्यांकडे, त्या किती वेगाने येतात ते. लोकांना घाई असायची. मामी म्हणायच्या की नुसता आकडा ऐकून निघू नये, त्याला विचारावं, बाबा, तू निघालायस कुठे?

मला ते थोडं लागायचं. एवढे ठळक आकडे असताना ही बाई काटक्या कशाला बघते?

मग जावई आले. मामींची एकुलती एक लेक आणि जावई मामींच्याच घरी राहू लागले आणि मामांची होडी जावयांच्या हातात आली. ते मूळचे मेकॅनिक. हात लावतील ते सुरू करतील, असा माणूस. त्यांनी होडीला मागे इंजिन बसवलं. इंजिनाचा पंखा पाण्यात किती खोल जातो ते मोजलं. भरल्या होडीत दीड फूट. उंबऱ्यावर दोन फूट म्हणजे निर्धास्त. मामांच्या निळ्या रेघेपुढे त्यांनी मान डोलावली. त्यांच्याइतकं कौतुक माझं कुणी केलं नाही. माणसाला भास होतो, आकड्याला होत नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. मामींचे गुडघे धरले, पायऱ्या उतरणं जड जाऊ लागलं, तेव्हा जावई वरूनच मोबाईलवर माझा फोटो काढून सगळ्या होडीवाल्यांना पाठवू लागले. माझा फोटो! मी हरखून गेले. त्या हरखण्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आता माझ्या जवळ कुणीच येत नव्हतं. शेवाळ दुरून दिसत नाही.

आणि मग तो पूर आला. चार दिवस मी डोक्यापासून पायापर्यंत पाण्याखाली होते. ओंडके आदळत होते, पायाखालची वाळू सळसळत होती. पाचव्या दिवशी माझा अकरा वर आला, मग दहा. सगळ्यांनी पाहिलं, पट्टी शाबूत आहे. सरळ उभी आहे. कुणीतरी माझ्याकडे बघून हातही जोडले.

मित्रांनो, माझा खरा गोंधळ इथून सुरू होतो.

पुढच्या पावसाळ्यात पाणी माझ्या लाल रेघेला टेकलं की आमच्या धक्क्यावरच्या होड्या बांधून ठेवल्या जायच्या. पण नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या धक्क्यावरच्या होड्या खुशाल नदीत जायच्या आणि टोपल्या भरून परत यायच्या. एकदा झालं, दोनदा झालं. आमची माणसं हात चोळत बसायची. मग माझी थट्टा सुरू झाली. मासळी तोलणारा काटेवाला तर म्हणाला की ही पट्टी म्हातारी झाली, हिला आता पायाला पाणी लागलं तरी पूर वाटतो. जावई माझी बाजू घ्यायचे. ती भित्री आहे, पण भित्रेपणाने कुणी बुडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी विचारात पडले. नवावर पाणी आलं म्हणून मी नऊ म्हटलं. यात भित्रेपणा कुठला? की मी खरंच घाबरट झाले होते आणि मलाच कळलं नव्हतं?

मामींना मात्र काहीतरी खटकत होतं. एके दिवशी त्या कठड्याला धरत धरत खाली आल्या आणि बराच वेळ पायऱ्यांकडे बघत राहिल्या. पूर्वी पाणी माझ्या सातावर आलं की तिसरी पायरी भिजायची. आज मी सात सांगत होते आणि तिसरी पायरी कोरडी ठणठणीत होती. संध्याकाळी जाळी आवरताना त्यांनी हे जावयांच्या कानावर घातलं. पुरानंतर पायऱ्यांची डागडुजी झाली होती. गवंड्याने पायरी उंच केली असेल, असं जावई म्हणाले. असेलही. मामी पुन्हा माझ्याकडे बघायला आल्या. त्या पायरीकडे बघत, मग माझ्याकडे, पुन्हा पायरीकडे. दोघींपैकी कोण हललं, हे सांगायला तिसरं कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि स्वतःच्या नजरेलाच दोष दिला. लेकीच्या संसाराबरोबर एकाच घरात राहायचं, तर रोज उठून जावयाच्या बोलण्याला फाटे फोडू नयेत, असंही त्यांच्या मनात असेल. त्यांनी तो विषय सोडून दिला.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण सांगणार काय? मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

उन्हाळा लागला. पाणी रोज बोटभर उतरत होतं. त्या सकाळी ते माझ्या निळ्या रेघेच्या किंचित वर होतं. चार आणि वर अर्धं बोट. जाळं मोठं टाकायचं होतं म्हणून जावयांबरोबर मामींची लेकही होडीत बसली. मामी धक्क्यावर उभ्या होत्या. उंबऱ्यावर पाण्याची एक पांढरी रेषा उठत होती आणि विरत होती, पुन्हा उठत होती.

"जावईबापू," मामी म्हणाल्या, "उंबऱ्यावर पाणी फुटतंय. आज अलीकडेच टाका जाळं."

"मामी, पट्टीवर चारच्या वर आहे."

"पट्टीवर आहे हो. उंबऱ्यावर आहे का, ते बघा."

जावई चिडले नाहीत. ते चिडणारे नव्हतेच. शांतपणे म्हणाले, "ही पट्टी एरवी सुद्धा जरा जास्तच सांभाळून बोलते. तीच आज जा म्हणतेय. आणि ती रेघ मामांनी ओढलीय ना? मामांवरही विश्वास नाही का तुमचा?"

नवऱ्याचं नाव मधे आलं तशा मामी दोन पावलं मागे सरल्या. लेकीने आईकडे एकदा, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि दोर सोडला.

होडी रिकामी होती, हलकी होती. ती उंबऱ्यावरून सहज पार झाली. खरं सांगते मित्रांनो, मला आनंद झाला. पाहा, म्हटलं, मी खरी ठरले. मामींनी मात्र पाठ वळवली नाही. शेडच्या सावलीत त्या उंबऱ्याकडे तोंड करून बसून राहिल्या.

दुपारी होडी परत येताना दिसली. डोहात मासा भरभरून मिळाला होता. टोपल्या काठोकाठ भरलेल्या, वर ओल्या जाळ्यांचा ढीग. होडी पाण्यात खोल बसली होती. उंबऱ्यावर आली आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला. खर्रर्र करून काहीतरी घासलं आणि मग आवाजच बंद. पंखा जागेवर धरून ठेवणारी खीळ तुटली होती. होडी क्षणभर थांबली, मग ओढीने आडवी झाली आणि उंबऱ्याच्या अलीकडच्या, धक्क्याच्या बाजूच्या दगडांकडे वाहू लागली. होडी दगडावर आपटू नये म्हणून जावयांनी पाण्यात उडी टाकली आणि खांदा लावला. पण भरल्या होडीपुढे माणसाचं बळ ते किती? होडीने त्यांना दगडाशी दाबलं. त्यांचा पाय दोन दगडांच्या फटीत अडकला आणि पाणी छातीपर्यंत आलं. लेक भराभर टोपल्या पाण्यात ओतत सुटली. होडी हलकी होईल, एवढंच तिला सुचलं.

धक्क्यावर त्या वेळी माणसं दोनच, मामी आणि काटेवाला. मामांची जुनी, सपाट तळाची, बांबूने हाकायची छोटी होडी कडेला बांधलेली होती. ज्या गुडघ्यांना चार पायऱ्या जमत नव्हत्या, ते गुडघे त्या होडीत कसे चढले, मला आजही कळत नाही. मामींनी बांबू घेतला. काटेवाल्याला त्यांनी फक्त मधे बसून राहायला सांगितलं. त्या उंबऱ्यावर गेल्याच नाहीत. वळसा घेऊन काठाच्या बाजूने, जिथे ओढ मंद होती तिथून, त्या दगडांच्या मागे गेल्या. लेकीने दोर फेकला, काटेवाल्याने तो धरून ओढला. होडी विटेएवढी सरकली आणि जावयांचा पाय सुटला. त्यांना बाहेर काढलं तेव्हा ते पांढरेफटक पडले होते. पाय दोन ठिकाणी मोडला होता. त्यांच्या मागे इंजिनवाली होडी दगडावर आपटत राहिली आणि थोड्या वेळाने तिचा तळ फुटला.

पाणी तेव्हा नेमकं माझ्या निळ्या रेघेवर होतं. चार. मी चारच सांगत होते.

दोन दिवसांनी धक्क्यावर सगळे जमले. कुणी म्हणालं, इंजिनच वाईट. कुणी म्हणालं, होडी जास्त भरली होती. कुणी म्हणालं, उंबराच वर आला असेल. बऱ्याच जणांचं मत पडलं की पट्टी काढून चुलीत घालावी. माझं कुणी ऐकणार नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी मी काय सांगितलं असतं? मी खोटं बोलले नव्हते. पण माझ्या बोलण्यामुळे एका माणसाचा पाय मोडला होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

मामी म्हणाल्या, जाळायचं तर जाळा, पण आधी मोजा. त्यांनी मला घडवणाऱ्या सुताराला बोलावलं. तो आता काठी टेकत चालत होता. त्याला एक गोष्ट आठवत होती. काठाच्या मूळ खडकात होड्या बांधायची एक लोखंडी कडी आहे. मला बसवलं तेव्हा माझा सहा त्या कडीच्या बरोब्बर समोर आणला होता. मग गवंडी आला. त्याच्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी होती. नळीचं एक टोक त्याने कडीपाशी धरलं, दुसरं माझ्यापाशी. नळी कितीही लांब असो, दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर राहतं. सगळे वाकून बघू लागले. कडीच्या समोर माझा सहा नव्हता. सहाच्या वरची तिसरी बारीक रेघ होती.

मी पाऊण फूट खाली गेले होते.

पुराने खांबाखालची वाळू काढून नेली होती आणि खांब मला घेऊन खाली बसला होता. वाकला असता तर आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मी सरळ उभी राहूनच खचले होते. पाणी सव्वातीन असायचं तेव्हा मी चार म्हणायचे. पावसाळ्यात याच चुकीने मी भित्री ठरले आणि उन्हाळ्यात त्याच चुकीने घात केला. पाणी वर आलं असं मी समजत होते, आणि खाली गेले होते मी. मित्रांनो, आपण स्वतः खाली चाललो आहोत, हे आतून कसं कळतं? तुम्हाला कळतं का?

मला जाळलं नाही. मामींनी जाळू दिलं नाही. खांबावरून उतरवून मला काठाच्या मूळ खडकाला बसवलं, सहा कडीच्या समोर आणून. रंग नवा दिला. आता दर पुरानंतर गवंडी नळी घेऊन येतो. मला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

जावई बऱ्याच महिन्यांनी कुबड्या घेऊन धक्क्यावर आले. त्यांना बसायला मामींनी उलटी टोपली दिली. दोघंही नदीकडे बघत होते.

"मामी," जावई म्हणाले, "त्या दिवशी मी मामांचं नाव मधे आणायला नको होतं."

मामी म्हणाल्या, "तुम्ही आणलंत, ते एक वेळ ठीक. मी गप्प बसले, ते चुकलं. रेघ त्यांची होती, पण पाणी त्या दिवसाचं होतं."

मुलांनो, माझ्यासारख्या पुष्कळ वस्तू तुमच्या घरी असतील. घड्याळ असेल, तराजू असेल, ताप बघायची नळी असेल. त्या मुद्दाम फसवत नाहीत. पण त्या कुठे उभ्या आहेत, हे त्यांना दिसत नसतं. त्यांना पुसा, जवळ जाऊन बघा, न हलणाऱ्या एखाद्या गोष्टीशी अधूनमधून ताडून पाहा. आणि घरातलं कुणी सांगत असेल की मला काहीतरी वेगळंच दिसतंय, तर त्याला आकडा दाखवून गप्प करू नका.

मी अजूनही पूर्वीसारखी ठाम नाही. पाच म्हणताना मनात येतं, पाचच ना? परवाची गोष्ट. जावई नव्या होडीत बसले होते, लेक दोर धरून उभी होती. पाणी माझ्या निळ्या रेघेवर टेकलेलं होतं. जावयांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहून विचारलं, "मामी, काय म्हणता?"

मामींनी माझं ओलं अंग बघितलं. उंबऱ्याकडे बघितलं. काटक्यांकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"अजून कळत नाही," त्या म्हणाल्या. "थांबा जरा."

जावयांनी इंजिन बंद केलं आणि ते थांबले.